मुलगा सुनेला मारतो, घर माझ्या नावावर आहे. त्याला बाहेर काढता येईल का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वय 64, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. गावाचं नाव देत नाही. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातून वन बीएचके घेतला, तो पहिल्यापासून माझ्याच नावावर आहे. हे आता नाहीत. घरात मी, मुलगा, सून आणि तिसरीतली नात.

मुलगा सुनेला मारतो. सरळच लिहिते, कारण आडून लिहिलं की लोक म्हणतात भांड्याला भांडं लागायचंच. दारू नाही, जुगार नाही, एमआयडीसीत कायम नोकरी, गणपतीत मंडळाचा हिशेब हाच ठेवतो. सोसायटीत कुणाला सांगितलं तर म्हणतील म्हातारीला भ्रम झालाय. तोंडावर कधी मारत नाही. दंडावर, पाठीवर, मांडीवर. ती पतसंस्थेत क्लार्क आहे. भर मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालून जाते, आणि कुणी विचारलं तर म्हणते फॅशन आहे. पगार झाला की एटीएम कार्ड याच्या खिशात. जाण्यायेण्याचे पैसे मोजून देतो. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तर दुसऱ्या दिवसापासून पैसेही अर्धेच. संध्याकाळी तिकिटं मागून घेतो.

मी मध्ये पडते. "तू देव देव कर," म्हणतो. एकदा ढकललं, ओट्यावर आपटले.

आणि नात. याचा आवाज चढला की ती बाथरूममध्ये जाते, आतून कडी लावते आणि बादलीत नळ सोडून बसते. पाणी भरून वाहत राहतं. एरवी पाणी वाया गेलं की तिला ओरडणारी मी, पण त्या वेळी कुणाचं धाडस होत नाही नळ बंद कर म्हणायचं.

सुनेचं माहेर बीडकडे. भाऊ म्हणतो, नांदून घे, आमच्याकडे अजून एक लग्नाची आहे.

तर विचारायचं असं की सुनेला कुठल्यातरी आश्रमात पाठवण्यापेक्षा हाच घराबाहेर जाईल असं काही करता येतं का? घर माझं आहे, मला त्या दोघी इथेच हव्यात. तक्रार मी दिली तर चालते का, की तिनेच द्यायची? आणि खरी भीती सांगते. पोलिसात गेलं की सासूचं नाव आधी घेतात असं ऐकलंय. माझंच नाव लागलं तर नातीला कोण बघणार?

निवांत पुणेकर

काकू, वाईट वाटलं वाचून. पण पोटच्या पोराविरुद्ध पोलिसात जाण्याआधी एकदा विचार करा. आमच्या भावकीत असंच झालं होतं. दोन्हीकडची चार मोठी माणसं बसवली, बैठक घेतली, त्याच्याकडून स्टॅम्पवर लिहून घेतलं. आता बरं चाललंय. कोर्टाची पायरी चढलं की संसार मोडतोच. नोकरीवर पण परिणाम होतो.

उंबरठा ओलांडून

बरं चाललंय हे तुम्हाला कुणी सांगितलं, त्याने की तिने?

कक्षातली ताई

काकू, मी पोलीस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष सहाय्य कक्षात समाजकार्यकर्ती होते, आता दुसरीकडे आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल.

बैठकीचं आधी सांगते, कारण हा सल्ला तुम्हाला अजून दहा जण देणार आहेत. मी अशा बैठका पुष्कळ पाहिल्यात. सतरंजी अंथरली जाते, चहा फिरतो, मामा-काका बोलतात, मुलगा मान खाली घालतो, आणि निघता निघता कुणीतरी सुनेला सांगतं, "तूही जरा उलट बोलणं कमी कर." मग हमीपत्र. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचं, आता पाचशे लागतात, फरक एवढाच. त्याने पुन्हा हात उचलला तर त्या कागदाच्या जोरावर पोलीस काही करू शकत नाहीत. कुणाकडे असं हमीपत्र असेल तर फाडू मात्र नका. त्यात त्याने मारल्याचं स्वतः लिहून दिलेलं असतं, ते पुढे पुरावा म्हणून कामी येतं. याउलट मॅजिस्ट्रेटने दिलेला संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धाक असलाच तर त्या कागदाचा असतो.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 19 मध्ये निवासाचे आदेश आहेत. तिला घरातून काढू नये असा आदेश तर होतोच, पण त्याने घर सोडून जावं असाही होऊ शकतो. बाईनेच पिशवी भरून निघायचं ही आपल्याकडची रीत आहे, कायद्याने तसं कुठे म्हटलेलं नाही. घर तुमच्या नावावर असणं आणि तुम्ही तिच्या बाजूने असणं, असा योग मी फार कमी वेळा पाहिला. सहसा सासू समोरच्या बाकावर असते.

तक्रार कुणीही देऊ शकतं. हिंसा होतेय असं ज्याला वाटतं तो कलम 4 खाली संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, शेजारीसुद्धा, आणि प्रामाणिक हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही येत नाही. तालुक्याला संरक्षण अधिकारी कोण आहेत ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारलं की सांगतात. ते घरगुती घटना अहवाल भरतात. फॉर्म मोठा आहे, शारीरिक, मानसिक, आर्थिक असे रकाने आहेत. एटीएम कार्ड काढून घेणं, तिकिटांचा हिशेब मागणं हे आर्थिकमध्ये येतं. बायका ते सांगतच नाहीत, त्यांना वाटतं मारलं तेवढंच लिहायचं. तुम्ही इथे तिकिटांबद्दल जे लिहिलंय ते जसंच्या तसं तिथे सांगायला हवं. आणि तुम्हाला ढकललं तेही. तुम्हीसुद्धा या कायद्याखाली स्वतःसाठी अर्ज करू शकता, आई मुलाविरुद्ध करू शकते.

विशेष कक्ष पोलीस ठाण्याच्या आवारात असतो, पण तिथल्या कार्यकर्त्या पोलीस नसतात. 1984 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला, आता राज्यभर आहेत. पैसे लागत नाहीत. गेलात म्हणजे केस झाली असंही नाही. ऐकून घेतात, फाइल उघडतात, तिला विचारून पुढचं ठरवतात. दारात पहिल्यांदा उभं राहायला ही जागा मला बरी वाटते. ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून सुरुवात केली तर बरेचदा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात देऊन घरी पाठवतात, आणि बाईला वाटतं आपली तक्रार नोंदली गेली.

रात्री वेळ आली तर 112. सल्ल्यासाठी 181, चोवीस तास. कॉल तुमच्या फोनवरून करा, तिच्या नको, आणि नंतर यादीतून काढून टाका. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन एकाच छपराखाली मिळतं आणि पाच दिवसांपर्यंत मुलीसह राहता येतं. तुम्हाला ती घरातच हवी आहे हे कळतंय, पण ही पाच दिवसांची सोय लक्षात असू द्या. का ते सांगते.

धोका सगळ्यात जास्त असतो तो ज्या दिवशी कोर्टाची नोटीस त्याच्या हातात पडते त्या दिवशी. तोवर त्याला वाटत असतं की ही कुठे जाणार. त्या रात्री सून आणि नात त्या घरात नकोत. शक्यतो तुम्हीही नको. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, नातीचा जन्मदाखला, पासबुक, तिची औषधं, घराची दुसरी किल्ली, हे सगळं एका पिशवीत घालून आत्ताच शेजारी किंवा तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे ठेवा. मूळ कागद हलवले की त्याच्या लक्षात येणार असेल तर निदान झेरॉक्स.

एक गोष्ट खटकली, ती बोलते. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही स्वच्छ लिहिलंय. सुनेला काय हवंय हे एवढ्या मोठ्या प्रश्नात एका ओळीत नाही. तिला विचारलंय का? ती तयार नसताना आपण चक्रं फिरवली तर ती तक्रार मागे घेते, आणि मग पुढच्या खेपेला तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. विचारा. घरात नको, बाजाराला जाताना वगैरे.

वांद्र्याची

मी यातून गेलेली आहे म्हणून एवढं एकच लिहिते. दवाखान्याचा कागद.

माझं मनगट मोडलं तेव्हा आधी जवळच्या एका खासगी डॉक्टरकडे नेलं. नवरा शेजारी उभा. "जिन्यावरून पडली," त्यानेच सांगितलं, डॉक्टरने तेच लिहिलं. नंतर प्लास्टरसाठी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात गेले, तिथे सिस्टरने त्याला केसपेपर काढायला खाली पाठवलं आणि मला एकटीला विचारलं, "घरी काही त्रास आहे का?" इतक्या साध्या आवाजात की मी रडलेसुद्धा नाही, सांगून टाकलं. मग त्यांनी मला दिलासामध्ये नेलं. महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून 2000 साली तिथे हे केंद्र सुरू केलं, रुग्णालयातच. नवऱ्याला वाटत राहिलं की मी ड्रेसिंगला जातेय.

तुमच्याकडे असं केंद्र नसेल कदाचित, पण सरकारी दवाखाना आहे. पुढच्या वेळी (अशी वेळ न येवो, पण) तिला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. कॅज्युअल्टीत सांगा, एमएलसी करा, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद. आणि ती स्वतःच्या तोंडाने सांगू दे की नवऱ्याने मारलं, कशाने मारलं, कधी मारलं. केसपेपरवर तसंच लिहिलंय ना हे तिथेच वाचून बघा. "पडल्यामुळे मुका मार" असं लिहिलं असेल तर निघायच्या आधी दुरुस्त करून घ्या. माझ्या केसमध्ये साक्षीदार कुणीच नव्हता, तो एक कागद होता.

तालुका कोर्ट

वकिली करतो, दिवाणी-फौजदारी दोन्ही. ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी राहिलेलं सांगतो.

तुमचं नाव लागेल ही भीती. अर्ज ज्याच्याविरुद्ध केला जातो तोच त्यात सामनेवाला असतो. सून स्वतः अर्ज करणार, त्यात तुमचं नाव घालायचं कारणच नाही. उलट तुमचं शपथपत्र तिच्या अर्जाला जोडायचं. एका छताखाली राहणाऱ्या सासूने शपथेवर "मी डोळ्यांनी पाहिलं" म्हणणं याच्याइतका भक्कम पुरावा या खटल्यांत क्वचित मिळतो.

घरगुती हिंसाचाराचा अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. नोकरी जाईल, मुलगा आत जाईल, घटस्फोट होईल, यातलं काही त्या अर्जाने होत नाही. पूर्वीचं 498अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा फौजदारी गुन्हा, हे वेगळं प्रकरण आहे, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालं. ते लावायचं की नाही हा तिचा निर्णय. तेही रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातली व्यक्ती देऊ शकते, म्हणजे तुम्हीसुद्धा. आणि 498 लावलं की दुसऱ्या दिवशी बेड्या, असंही राहिलेलं नाही. 2014 च्या अर्णेश कुमार निकालानंतर पोलिसांना आधी नोटीस द्यावी लागते, अटक का हवी ते लिहावं लागतं. निवांत पुणेकरांनी नोंद घ्यावी.

कायद्यात लिहिलंय पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. साठ दिवसांत निकाल लागेल असं मी कुणाही पक्षकाराला सांगत नाही. म्हणून सगळा जोर अंतरिम अर्जावर ठेवायचा. मुख्य अर्जाबरोबर त्याच दिवशी कलम 23 खाली अंतरिम अर्ज आणि शपथपत्र लावा, आणि एकतर्फी आदेश मागा. शपथपत्रावरून प्रथमदर्शनी हिंसा दिसली तर मॅजिस्ट्रेट त्याचं म्हणणं ऐकण्याआधी आदेश देऊ शकतात. ताई म्हणाल्या तो नोटिशीच्या दिवसाचा धोका यानेच कमी होतो, कारण मग त्याच्या हातात नुसती नोटीस पडत नाही, तिच्यासोबत आदेशही येतो. आदेशाची प्रत फुकट मिळते, ती हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाते, एक तुमच्या पर्समध्ये ठेवायची. मारहाण थांबवणं, त्याने घर सोडणं, तिला आणि मुलीला दरमहा खर्च, मुलीचा तात्पुरता ताबा, दागिने परत, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत उघडायला मात्र कोर्टाची गरज नाही. पतसंस्थेत सांगून पुढच्या महिन्यापासून पगार तिकडे वळवता येईल, पण तेही आदेश हातात आल्यावरच करा. आधी केलं तर त्याला सुगावा लागेल.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की तुम्ही ज्येष्ठ नागरिक आहात, 2007 च्या कायद्याखाली प्रांताकडे अर्ज करून मुलाला काढा. तो रस्ता आहे. पण अर्ज लिहिणारा सवयीने "मुलगा व सून" असं टाइप करतो आणि दोघांविरुद्ध होऊन बसतो. वाचल्याशिवाय सही करू नका.

वकिलाचे पैसे? बाईला उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो, पगारदार असली तरी. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, आधारकार्ड घेऊन जायचं. 15100 वर फोन करूनही विचारता येतं.

निवांत पुणेकर

अटकेबद्दल माझी माहिती जुनी होती. बैठकीबद्दल माझं मत तेच आहे, पण इथे वाद वाढवत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांची आभारी आहे. ताई, तुमचं ते शेवटचं जरा लागलं. पण विचारलं. भाजीला म्हणून दोघी बाहेर पडलो आणि मंडईच्या मागे रसवंतीत बसलो.

मला वाटत होतं ती घाबरेल, नको म्हणेल. ती माझ्या पुढे होती. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला दर वेळी फोटो पाठवून स्वतःच्या फोनमधून पुसत आली आहे. गेल्या दिवाळीपासूनचे आहेत. ती मैत्रीण तारखांसकट जपून ठेवतेय. आणि मला यातलं काही माहीत नाही, एका खोलीच्या अंतरावर झोपून. मी म्हटलं मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "आई, तुम्ही त्यांची आई आहात." एवढंच. पुढे मी काही विचारलं नाही, रसाचे पैसे दिले.

तिला जेलबिल नको आहे. फारकतही आत्ता नको, पुढचं पुढे बघू म्हणते. तो घरात नको आणि कार्ड परत हवं, इतकं पक्कं आहे. तेव्हा वकीलसाहेब म्हणतात तो अर्ज. सोमवारी ती हाफ डे टाकणार आहे, मी बँकेत पेन्शनचं काम आहे म्हणून निघेन. आधी कक्षात जाऊ, मग कोर्टाच्या आवारात. पिशवी मैत्रिणीकडे पोचली. नोटिशीच्या दिवसासाठी माझ्या धाकट्या जावेला सांगून ठेवलंय, ती तालुक्याबाहेर असते, काही विचारणार नाही अशी आहे.

दोन शंका राहिल्या. ते फोटो फोनवरचे, कोर्टात चालतात का? आणि नातीला काय सांगायचं? तिला कोर्टात उभं करतील का?

तालुका कोर्ट

चालतात. मैत्रिणीच्या फोनमधले मूळ फोटो तसेच राहू द्या, कापू नका, त्यावर काही लिहू नका, फोन विकायचा नाही. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून देईल. मैत्रिणीची सही लागेल, तिची तयारी आहे का ते आत्ताच विचारून घ्या. तिसरीतल्या मुलीला साक्षीला बोलावण्याची गरज मला यात दिसत नाही, तुम्ही आहात. अर्जात तिच्याबद्दल लिहा, त्या नळाचंही लिहा, पण तुमच्या शपथपत्रात.

कक्षातली ताई

नातीला खरं आणि थोडं सांगा. बाबांनी आईला मारणं चूक आहे, ते थांबवायला मोठी माणसं मदत करतायत, यात तुझं काही चुकलेलं नाही. शेवटचं वाक्य दोनतीनदा सांगावं लागेल. बाबा वाईट आहेत असं म्हणू नका, आणि "बाबांना सांगू नकोस" हे ओझंही तिच्यावर टाकू नका. म्हणजे तारखा, कोर्ट, पिशवी यातलं काही तिच्यासमोर बोलायचंच नाही.

शाळेत वर्गशिक्षिकेला सुनेने स्वतः भेटून सांगावं, की घ्यायला तिच्या किंवा तुमच्याशिवाय कुणी आलं तर आधी फोन करा. आदेश हातात आला की त्याची एक प्रत शाळेत द्या. कक्षात गेलात की मुलीसाठी समुपदेशन मिळेल का ते विचारा, 1098 वरही मुलांसाठीची मदत सांगतात. सोमवारी जाताना एका कोऱ्या कागदावर तिला आठवतात ते प्रसंग महिनेवार लिहून न्या. तिथे खुर्चीत बसल्यावर निम्मं आठवत नाही. कक्षात दुपारी कार्यकर्त्या बरेचदा गृहभेटीला बाहेर असतात, तेव्हा अकराच्या आत पोचा.